मागे पडलेली मुले पुढच्या चाचणीत का सावरतात?

सप्रेम नमस्कार.

ध्यान आणि एकाग्रता या विषयावरील माझ्या लेखावर आपण पंचवटीतील आपल्या शिकवणीचा अनुभव लिहिला आहे. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण पडलेल्या 18 मुलांकडून आपण सहा आठवडे रोज दहा मिनिटे ध्यान करून घेतले, आणि पुढच्या चाचणीत बहुतेकांचे गुण वाढले. असे असताना तुलनेसाठी दुसरा गट मागणे हा पुस्तकी हट्ट आहे आणि काही मुलांना ध्यानापासून वंचित ठेवणे अन्यायाचे आहे, असे आपले म्हणणे आहे. आपली कळकळ मला पोचली, पण पहिला आक्षेप मान्य करता येत नाही.

गुण वाढले याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण आहे ती मुलांच्या निवडीत. एका चाचणीच्या गुणांत अभ्यासाबरोबर त्या दिवशीचा ताप, आदल्या रात्रीचे जागरण, नेमका न वाचलेल्या धड्यावरच प्रश्न येणे, हे सगळे मिसळलेले असते. सर्वांत खालची मुले निवडली की ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशी मुले त्यांत जास्त येतात, आणि पुढच्या चाचणीला सगळ्यांचाच दिवस पुन्हा तसा जात नाही. त्यामुळे काहीही न करता त्यांची सरासरी वर सरकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये उंचीबाबत हेच दाखवले होते: फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा कमी उंच, तर फार बुटक्यांची त्यांच्यापेक्षा उंच निघतात. आपण गुणांची वही उघडून पहिल्या चाचणीतील वरच्या 18 मुलांचे पुढचे गुण जरूर पाहा. त्यांची सरासरी घसरली असेल, तर तो दोष कशाला देणार? शिवाय या सहा आठवड्यांत आपण शिकवतही होताच.

म्हणून दुसरा गट हवा, आणि तो चिठ्ठ्या टाकूनच पाडायला हवा. सकाळची तुकडी एका बाजूला आणि संध्याकाळची दुसऱ्या बाजूला, ही चूक मी स्वतः केली आहे. शब्द लक्षात ठेवण्याच्या एका प्रयोगात माझी संध्याकाळची मुले मागे पडली. त्यांतील बरीच ओझर आणि सिन्नरहून एसटीने उभ्याने आलेली होती, हे मी नंतर विचारले. चिठ्ठीला कोण कुठून येतो हे ठाऊक नसते, त्यामुळे आपल्याला न सुचलेली कारणेही दोन्ही गटांत साधारण सारखी विखुरतात. मात्र नऊ-नऊ मुलांत योगायोगाला फार वाव राहतो, तेव्हा सगळी शिकवणीच प्रयोगात घ्यावी.

अन्यायाचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि त्यावर उपाय आहे. दुसऱ्या गटाने ती दहा मिनिटे शांत वाचन करावे आणि प्रयोग संपला की त्यालाही ध्यान शिकवावे. फक्त 'वंचित' म्हणताना ध्यानाचा लाभ आपण आधीच गृहीत धरतो, आणि तोच तर तपासायचा आहे.

राहिली उत्तरपत्रिकांची तपासणी. बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा खुराने टापा देऊन गणिते सोडवतो असे लोक मानत. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोडा चुकतो, कारण तो माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता. आपली अपेक्षाही लाल पेनातून अशीच नकळत उतरू शकते. दिवाळीनंतर हा प्रयोग करणार असाल, तर पेपर तपासायला मी आनंदाने येईन. नावे झाकून द्या, आणि कोणता पेपर कोणत्या गटाचा हे गुण भरून होईपर्यंत मला सांगू नका.