वजन कमी करताना पास्ता का सोडायचा?

वजन कमी करायचं ठरलं की घरातून सगळ्यात आधी भात हद्दपार होतो आणि त्याच्या मागोमाग पास्ता. भाताची बाजू घेणारे आता बरेच झालेत. पास्त्याची बाजू कुणी घेताना दिसत नाही, म्हणून आज मी घेते.

माझी साखर काठावर आहे, गुडघे बोलायला लागलेत आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. ते उतरतंय, सावकाश. या सगळ्या काळात आठवड्यातून एकदा माझ्या ताटात पास्ता असतो. चोरून नाही, बक्षीस म्हणूनही नाही. रात्रीचं जेवण म्हणून.

मुळात हा पदार्थ आपण समजतो तितका वाईट नाही. इटलीत १९६७ च्या कायद्यानुसार सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, ज्याच्या रव्याचा शिरा आपण करतो. १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात साधारण ३५० कॅलरीज आणि १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पीठ घट्ट मळून दाबाने साच्यातून काढल्यामुळे त्यातला स्टार्च प्रथिनांच्या जाळीत अडकून बसतो आणि हळूहळू पचतो. पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते तो आकडा, ७० च्या पुढे जातो, पास्त्याचा ५० च्या आसपास राहतो. अट एकच, तो गिचका होईपर्यंत शिजवायचा नाही. दाताला किंचित लागला पाहिजे. आणि पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे मैदा लिहिला असेल तर ते पाकीट खाली ठेवा.

२०१८ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी ३० चाचण्यांचा एकत्र अभ्यास केला. कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या आहारात आठवड्यातून तीनेक वेळा पास्ता खाणाऱ्यांचं वजन वाढलं नाही, उलट सरासरी अर्धा किलो घटलं. अर्धा किलो म्हणजे फार नाही. एका वेळचं प्रमाण लहान होतं, बाकीचा आहार नीट होता, आणि काही संशोधकांना पास्ता कंपनीकडून निधी मिळालेला होता, हेही त्यांनी नोंदवलंय. पण पास्ता खाल्ला की वजन वाढणारच, ही भीती त्यातून नक्की कमी होते.

मग वजन कशाने वाढतं? आपल्याकडच्या व्हाइट सॉस पास्त्याचा हिशोब मांडून बघा. एका माणसाला १०० ग्रॅम पास्ता, दोन मोठे चमचे बटर, त्यात मैदा, पाऊण पेला म्हशीचं दूध, वर दोन-तीन क्यूब चीज. बेरीज ९०० च्या वर जाते, आणि शेजारी गार्लिक ब्रेड असतोच. यात पास्त्याचा वाटा साधारण ३५०. बाकी सगळं त्याच्यावर ओतलेलं.

इटलीतली घरगुती पद्धत बघा. तिथे एका माणसाला ८० ग्रॅम सुका पास्ता हे सर्वसाधारण प्रमाण. आणि तिथला मनाला दिलासा देणारा खरा पास्ता म्हणजे पास्ता ए फाजोली, पास्ता ए चेची. पहिल्यात राजम्यासारख्या घेवड्याच्या बिया, दुसऱ्यात छोले. गरिबाघरचं जेवण. पातळसर, गरम, वाडग्यातून चमच्याने खायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर चकोल्यांची बहीण." खरंच आहे ते. कणकेचे तुकडे आणि डाळ एकत्र शिजवून पोट शांत करायची युक्ती लातूरलाही सुचली आणि इटलीतल्या नेपल्सलाही.

मी करते ते असं. माणशी ५० ग्रॅम सुका पास्ता, वजनकाट्यावर मोजून. शिजल्यावर तो दुपटीहून जास्त वजनाचा होतो, त्यामुळे अंदाजाने घेतला की हात सैल पडतोच. एक वाटी उकडलेले छोले, त्यातले अर्धे ठेचून. दोन चमचे तेलात भरपूर लसूण, कांदा, टोमॅटो आणि लाल भोपळ्याच्या फोडी. नेपल्समध्ये भोपळ्याचा पास्ता हा जुना घरगुती प्रकार आहे, नवं फॅड नाही. भोपळा विरघळून सॉस होतो, ठेचलेले छोले त्याला दाटपणा देतात, आणि पास्ता उकडलेलं पाणी पळीभर घातलं की त्यातल्या स्टार्चने क्रीमशिवाय मऊपणा येतो. ते पाणी मोरीत ओतू नका, कळकळीने सांगते. वर अर्धा क्यूब चीज किसून, गॅस बंद केल्यावर, म्हणजे त्याची चव पहिल्या घासाला कळते. सगळं मिळून पाचशे-सव्वापाचशे कॅलरीज होतात, आणि रात्री अकराला फ्रिज उघडावासा वाटत नाही.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका मुलांसाठी पास्ता करतात, सगळ्यांना वाढतात आणि स्वतः ओट्यापाशी उभ्या राहून दुधीचं सूप पितात. दिवसभर ऑफिस, लोकल, स्वयंपाक, आणि शेवटी स्वतःच्या घरात वेगळी पंगत. हे मी बघू शकत नाही. काहीतरी गरम, मऊ, आवडीचं खावंसं वाटणं हा मनाचा दुबळेपणा नाही. थकलेल्या शरीराची ती साधी मागणी आहे. ती रोज नाकारून महिना दोन महिने निघतात, वर्षं निघत नाहीत. आणि वजनाचं काम वर्षांचं आहे.

आहार ठरवून देणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. तक्त्यात 'पास्ता, पिझ्झा, बर्गर बंद' असं एका ओळीत लिहू नका. किती, कशाबरोबर, कसा शिजवून, हे लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंतच असावी आणि डाळी-कडधान्यं, भाज्या वाढवाव्यात. म्हणजे भर प्रमाणावर आहे. छोले घातलेला ५० ग्रॅम पास्ता त्यात बसतो. बटाटा भरलेले तीन पराठे बसत नाहीत, आणि ते मात्र घरचे म्हणून कुणी मोजत नाही.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. बाकीच्यांनी या शनिवारी करून बघा. छोले सकाळीच भिजत घाला. भोपळा नसेल तर गाजर चालेल, छोल्यांऐवजी चवळीही छान लागते. आणि करणारीनेही सगळ्यांबरोबर बसून, त्याच पातेल्यातलं वाढून घ्यावं.