छोट्या मंडळाला पॅन लागत नाही म्हणे!

‘लहान सेवाभावी मंडळांसाठी अत्यंत महत्त्वाचे, जास्तीत जास्त शेअर करा’ अशा मथळ्याचा एक मेसेज फिरतोय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मी असले मेसेज सहसा सोडून देतो, पण हा माझ्या आत्याकडे पोचला. आत्या रिटायर्ड शिक्षिका, साताऱ्यात बायकांचा एक गट आहे त्याची खजिनदार. शाळेतल्या पोरांना वह्या-गणवेश, कुणाची परीक्षेची फी, कुणाचा चष्मा, असं सगळं त्या बघतात आणि काम खरंच चांगलं आहे. तर तिने फोन करून सांगितलं की गटाचं वेगळं खातं काढायचं चाललं होतं ते रद्द केलं, ‘गरजच नाही रे, त्यात स्पष्ट लिहिलंय’.

काय स्पष्ट लिहिलंय ते थोडक्यात सांगतो. एक, वर्षाला ५ लाखांच्या आत जमा होत असेल तर मंडळाला पॅन लागत नाही, खजिनदाराच्या किंवा अध्यक्षांच्या खात्यावर पैसे घ्या, ते ‘पूर्णपणे कायदेशीर’ आहे. दोन, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होऊन नंबर मिळाला की आयुष्यभर करमाफी. तीन, संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारं कलम) असेल तर देणगीदाराला सगळे पैसे परत. चार, वर्षअखेर खात्यात शिल्लक राहिली तर संस्था रद्द होते. पाच, परदेशातल्या नातेवाइकांकडून कितीही घ्या, आपलीच माणसं आहेत. आणि तळाला एक मोबाईल नंबर, ‘संपूर्ण पॅकेज फक्त १८,०००’. पॅन लागत नाही तर पॅकेज कशाचं, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही.

आधीच सांगतो, नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत. मी खाली जुनीच नावं वापरतोय कारण सीएपासून बँकेतल्या काउंटरपर्यंत सगळ्यांच्या तोंडात अजून तीच आहेत.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. ५ लाखांचा आकडा कुठून आणला देव जाणे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम २(३१) आहे, ‘पर्सन’ म्हणजे कोण याची व्याख्या. त्यात तुम्हीआम्ही आहोत, हिंदू अविभक्त कुटुंब आहे, कंपनी आहे, फर्म आहे, आणि त्यातच ‘असोसिएशन ऑफ पर्सन्स किंवा बॉडी ऑफ इंडिव्हिज्युअल्स’, म्हणजे एकत्र आलेल्या माणसांचा गट आहे, आणि त्याच्यापुढे लिहिलंय की ती रीतसर स्थापन झालेली असो वा नसो. संपला विषय. चार माणसं एका कामासाठी एकत्र आली, पैसे गोळा करून खर्च करायला लागली, की तो गट कायद्याच्या नजरेत खजिनदारापेक्षा वेगळा ‘पर्सन’ होऊ शकतो, मग नोंदणी झालेली असो नसो. नव्या कायद्यातही हा गट तसाच आहे. आणि म्हणूनच पॅनच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना असतो. स्वतःचं पॅन कार्ड काढून चौथं अक्षर बघा, तिथे ‘पी’ असेल, म्हणजे एकटी व्यक्ती. ट्रस्टच्या पॅनवर तिथे ‘टी’ असतो, असोसिएशन ऑफ पर्सन्सच्या पॅनवर ‘ए’. नोंदणी नसलेल्या गटाला पॅन मिळूच शकत नाही हा दुसरा गैरसमज, सभासदांनी आपसात केलेला लेखी करारनामा जोडूनही अर्ज करता येतो. खर्च शंभरेक रुपये.

बरं, ‘आम्ही थोडेच कर भरण्याएवढे कमावतो’ हे मान्य. कर लागणार नाही. पण कर न लागणं आणि ओळख नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजवाल्याने त्या एकत्र कालवल्यात.

आणि हो, एक अर्धं सत्य यात आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सोसायटीतल्या दहा-बारा घरांनी आपसात वर्गणी काढली, त्यातून कोजागिरीचं दूध आणि वर्षाची एक सहल केली, बाहेरच्या कुणाकडून एक रुपया घेतला नाही, तर तिथे आपलेच पैसे आपल्यावरच खर्च होतायत, ते उत्पन्न धरत नाहीत आणि त्यासाठी पॅन-बिनच्या मागे कुणी लागणारही नाही. पण ज्या क्षणी तुम्ही ‘गरजू मुलांसाठी मदत करा’ म्हणून क्यूआर कोड छापता, त्या क्षणी तो सहलीचा हिशेब राहत नाही.

तो क्यूआर कुणाच्या खात्याचा आहे, खरी भानगड इथे आहे. आत्याचं स्टेटमेंट मी बघितलंय. दूधवाला १,८६०, खाली देणगी ५०१, मग गॅस सिलिंडर, मग कुणीतरी ‘चि. च्या वाढदिवसानिमित्त’ ११००, मग तिची पेन्शन, मग वह्यांच्या दुकानाला ७,४००. आता यातलं गटाचं किती आणि आत्याचं किती हे फक्त आत्याला माहीत, म्हणजे आत्याच्या वहीला माहीत. व्याज तिच्या नावावर, उद्या खात्यात एवढे पैसे कसे असं कुणी विचारलं तर उत्तर देणार तीच. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, गट जरा मोठा झाला आणि वर्गणी रोखीत येत असली की तिथे पोचायला वेळ लागत नाही.

त्याहून वाईट ऐका. सायबर फसवणुकीची तक्रार झाली की ते पैसे जिथे जिथे फिरले त्या खात्यांवर बँका होल्ड लावतात. कुणा भामट्याने लुबाडलेल्या पैशातले दोनशे रुपये तुमच्या क्यूआरवर टाकले तरी तुमचं खातं अडकू शकतं. मग पोलिसांना पत्रं लिहीत बसायचं, आणि तोवर पेन्शन आत, बाहेर औषधाच्या दुकानाचं बिल. आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी बोलायला कुणाला आवडत नाही. खजिनदार गेला की खातं नॉमिनीकडे आणि वारसांकडे जातं. माझ्या ओळखीतल्या एका मंडळात हेच झालं, मुलगा भला माणूस, पैसे द्यायला तयार, पण बहिणींनी विचारलं की वडिलांच्या खात्यातले हे पैसे मंडळाचे कशावरून? पावतीपुस्तक होतं, पण पावतीवर मंडळाचं नाव आणि पैसे वडिलांच्या खात्यात. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्ही बाजू एकमेकांशी बोलेनाशा झाल्या.

शिवाय महाराष्ट्रात आयकराआधीही एक दार आहे ते मेसेजवाल्याला माहीतच नसावं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०चा, कलम ४१ क. नोंदणी नसलेल्यांनी धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर आधी धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्यायची आणि नंतर हिशेब द्यायचा. गणपतीच्या आधी मंडळांचे कार्यकर्ते जो ऑनलाइन अर्ज भरायला पळत असतात तो हाच. ‘पूर्णपणे कायदेशीर’ म्हणे.

दुसरा मुद्दा, धर्मादायचा नंबर म्हणजे करमाफी. नाही. धर्मादाय आयुक्त हे राज्य सरकारचं, आयकर हे केंद्राचं. सात जण मिळून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी केली, धर्मादायकडे नोंद झाली, तिथला नोंदणी क्रमांक म्हणजे एफ नंबर मिळाला, छान. आयकराच्या सवलतीसाठी १२ए या कलमाखालची नोंदणी वेगळी घ्यावी लागते. ‘आयुष्यभर’ मात्र पूर्वी खरं होतं, एकदा १२ए मिळालं की मिळालं. ते १ एप्रिल २०२१ पासून बंद झालं. जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करावे लागले, आणि किती तरी जुन्या वाचनालयांना नि व्यायामशाळांना हे कळलंसुद्धा नाही. आता नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी, मग नियमित ५ वर्षांची. २०२५च्या अर्थसंकल्पात लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना, नियमित नोंदणी १० वर्षांची केली. मेसेजमधला ‘५’ बहुतेक इथूनच उडून आला असावा, कोटींचा लाख होऊन. आणि करपात्र मर्यादेच्या वर उत्पन्न गेलं की सवलत असली तरी ऑडिट आणि रिटर्न आहेच.

८०जी मुळे सगळे पैसे परत? अहो, अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाने ५,००० दिले तर २,५०० वजा, त्यावरचा कर ५०० आणि सेस धरून ५२० रुपये वाचले. तेही जुन्या कर पद्धतीत असेल तर, नव्या पद्धतीत शून्य, आणि नोकरदारांपैकी बरेच जण आता नव्यातच आहेत. रोख २,०००च्या वर दिली तरी शून्य. उलट संस्थेच्या डोक्याला काम वाढतं, दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक देणगीदाराच्या पॅनसकट १०बीडी नावाचा देणग्यांचा तक्ता भरायचा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पाच-दहा देणगीदार असलेल्या गटाने हे लोढणं गळ्यात घ्यायच्या आधी देणगीदारांना विचारावं, तुम्हाला याचा उपयोग आहे का.

शिल्लक राहिली की संस्था रद्द हे तर काहीच्या काही. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशासाठी खर्च करायची असा नियम आहे, उरलेली १५ टक्के ठेवता येते, आणि मोठ्या कामासाठी साठवायचे असतील तर आधी कळवून ५ वर्षांपर्यंत साठवताही येतात. पुढे.

परदेशी नातेवाईक. इथे ‘आपलीच माणसं’ हा निकष नाही, पासपोर्ट हा निकष आहे. दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. न्यू जर्सीतली मावसबहीण अमेरिकन नागरिक झाली असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी कायद्याने ती परदेशी स्रोत, भले ती अजून डब्यात गूळपोळ्या मागवत असेल. तिचे पैसे घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, नोंदणीला सर्वसाधारणपणे ३ वर्षं जुनी संस्था हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतच यायला हवेत. लहान गटाने हा नाद सोडावा. तिला म्हणावं, इथल्या नातेवाइकांना सांग द्यायला, त्यांच्या स्वतःच्या पैशातून.

राहिलं ते १८,०००चं पॅकेज. १२ए आणि ८०जी चे अर्ज आयकराच्या पोर्टलवर होतात आणि त्यांना सरकारी फी नाही. सीएने त्याच्या वेळेचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, चांगला सीए हवाच. पण या पॅकेजच्या यादीत टॅन आणि जीएसटी नोंदणीपण घातलीय. टॅन हा नंबर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापणाऱ्याला लागतो, तुमच्या गटात पगारदार कोण आहे? सेवांसाठी जीएसटी साधारणपणे २० लाखांच्या उलाढालीनंतर लागू होतो, आणि वह्या फुकट वाटण्यात कसली आलीय उलाढाल. नंबर घेऊन ठेवला की मग शून्याची रिटर्नं भरत बसायची, एक विसरलं की लेट फी, आणि ती निस्तरायला परत त्याच मोबाईल नंबरवर फोन.