काकूची आज्जी होताना

केस रंगवणं बंद करायचं असं मी ठरवलं आणि माझं डोकं सार्वजनिक मालमत्ता झालं. शहर सोलापूर असल्यामुळे मत मागावं लागत नाही. ते घरपोच येतं, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, आणि घाई असेल तर तिन्हींचं कालवण करून.

त्याआधी दर तीन आठवड्यांनी रविवारी आमच्या घरी रंगपंचमी असायची. पोचे पडलेली स्टीलची वाटी, निवृत्त झालेला टूथब्रश, फरशीवर पेपर, कानाच्या पाळीवर खोबरेल, तरी कपाळावर एक काळा ओघळ यायचाच. आमच्या गावच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय मानांकन आहे. त्या मानाच्या टॉवेलांपैकी एक आमच्या गॅलरीत काळ्या ठिपक्यांनी बिबट्या होऊन वाळत असायचा.

हे बंद केलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे रंग सोडला की माणूस एकदम पांढरं होत नाही. भांगाशी पांढरा पट्टा येतो, त्याखाली तपकिरी, शेवटी काळं, आणि या अवस्थेत निदान निम्मं वर्ष काढावं लागतं. लोकांना बोलायला एवढा वेळ भरपूर झाला.

भाजीवाली म्हणाली, "काय ओ काकू, आजारी होता काय? लई उतरल्यासारख्या दिसायलाव." भिशीत एकीने हळूच विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" दुसरीने विचारलंच नाही, सरळ सांत्वन केलं. नवी पेठेत जाताना शेअर रिक्षात एका पोराने "आज्जी, सरका की जरा" म्हणून माझी जागेवर पदोन्नती केली. ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून "आधी बरं होतं" एवढंच सांगितलं. आधी, म्हणजे केस काळे होते तेव्हा, याच माणसाचं मत होतं, "या वयात कशाला हे थेर?"

सासूबाईंचा मुद्दा तांत्रिक होता. पुतणीचं लग्न ठरलेलं. "लग्नघरात पांढरं डोकं? माझं चालतंय, मी म्हातारी आहे. तू कशाला?" मी म्हटलं, "आई, मग मी कधी म्हातारी व्हायचं?" त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर हो."

अशा वेळी मला आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आठवतात. सोलापूरकराला काहीही झालं तरी तेच आठवतात म्हणा. पण इथे खरंच लागू आहे. बाराव्या शतकातली गोष्ट, गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. सिद्धराम लहानपणी अबोल, आपल्यातच असायचा. लोकांनी त्याला भोळसट ठरवून गुरांमागे सोडून दिलेलं. कथा सांगतात की एके दिवशी शेतात जंगमाच्या, म्हणजे फिरत्या शिवभक्ताच्या, रूपात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, आला आणि त्याने हुरडा मागितला. पोराने दिला. मग म्हणाला, पोटात आग पडलीय, दहीभात आण. पोरगा घरी पळाला, दहीभात घेऊन आला, तर पाहुणा गायब. त्याला शोधत तो थेट श्रीशैलला पोचला. पुढे याच मुलाने गावाकडून तळं खोदून घेतलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. आता दर जानेवारीत, संक्रांतीला, सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, बाराबंदी घातलेले लोक ते पेलतात आणि गाव अक्षता टाकायला लोटतं.

गावाचं मत एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं. मल्लय्याचं गेलं नाही. तो आला तेव्हा पोरगं गावाच्या लेखी खुळंच होतं की! पोराला कोण काय म्हणतंय याची चौकशी त्याने केली नाही. कणसं कोवळी आहेत ना, एवढं बघितलं असेल.

हे मनाशी घोकून मी दोन महिने ताठ मानेने फिरले. निंदेचं मला काही वाटेनासं झालं. घात केला तो कौतुकाने. पुण्याहून पुतणी आली आणि किंचाळली, "काकू, कसली भारी दिसायलीस! लोक पैसे देऊन असे केस करून घेतात." बस. भिशीचं मत एका संध्याकाळीत फिरलं. आजारी दिसणारी मी एकदम "ग्रेसफुल" झाले. ह्यांनीही "मी म्हणतच होतो" म्हणून घेतलं. आणि मी? काचेचं दार दिसलं की त्यात बघून पदर सारखा करायला लागले. देवाच्या मताची एक अडचण आहे, ते कधी ऐकू येत नाही. लोकांचं कसं, ताजं ताजं, गरम, वर शेंगाचटणी टाकून.

शिवाय देव आतलं बघतो म्हणतात, हा मला दिलासा वाटावा की धमकी, हेही ठरत नाही. आतून लावायचा रंग अजून बाजारात आलेला नाही.

सोमवारी सिद्धेश्वरला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्याच देवळात, गेले. तळ्यावरून वारा येत होता, रांग मोठी होती. मी डोळे मिटून, तुला काय वाटतं तेवढंच खरं, असं मनात म्हणत होते. इतक्यात मागून खांद्यावर बोट आलं.

"ओ मॅडम, असा चांदीचा कलर कुठल्या पार्लरात मारून मिळतो ओ?"

मी मागे वळले. अगदी पहिल्या सेंटीमीटरपासून सगळं सांगितलं. पुजारी "चला, पुढं चला" म्हणाले तेव्हा कळलं, गाभारा येऊन गेलासुद्धा.