उपेक्षित सिनेमा पुन्हा कसा पाहावा

जुना, उपेक्षित राहून गेलेला हिंदी सिनेमा पुन्हा पाहायचं मनावर घेतलं असेल, तर आधी एक खात्री करून घ्या: तो तुम्ही अजून एकदाही पाहिलेला नसावा. पाहिलेला असला की पंचाईत होते. मधे कुठंतरी डुलकी लागल्याचं आठवतं, आणि मग ‘काय सिनेमा आहे राव!’ हे पोटातून येत नाही. गाणी तेवढी पाठ असावीत. लातुरात आमच्या कॉलनीतले आम्ही पाच-सहा रसिक गेली कित्येक वर्षं नुसत्या गाण्यांवर भागवतोय, कुणाचं काही अडलेलं नाही.

सिनेमा निवडताना तो आपल्या काळात नीट बुडालेला आहे ना, हे बघून घ्या. मी ‘तीसरी कसम’ सुचवेन. १९६६चा, कृष्णधवल, दिग्दर्शक बासू भट्टाचार्य. गाडीवान हिरामण म्हणजे राज कपूर, नौटंकीतली हिराबाई म्हणजे वहिदा रहमान. निर्माता मात्र गीतकार शैलेंद्र, आणि आपल्या कामाचा माणूस तोच. पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी केलेला हा माणूस. गाण्यांवर मिळवलेलं या एका गाडीत घालून बसला, वर कर्ज काढलं. शेवट गोड करा म्हणून लोक मागे लागले होते, तेही ऐकलं नाही असं सांगतात. सिनेमा लागला आणि पडला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला शैलेंद्र गेले. वय ४३. त्या दिवशी राज कपूरचा वाढदिवस होता. हे सांगताना आवाज उतरवा आणि चष्मा काढून पुसा. चष्मा नसेल तर नुसतंच खिडकीबाहेर बघा.

त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुढे याच सिनेमाला मिळाला. म्हणजे दहाव्याचं पान अगदी रीतसर वाढलं गेलं. आपण रसिक त्या पंक्तीचे मानकरी. ‘लोकांना तेव्हा कळलाच नाही हो,’ असं म्हणायचं. लोक म्हणजे कोण, हे विचारणारा सहसा भेटत नाही. भेटला तर पाणी मागवा.

आणि कृपा करून आत्ता बुडत असलेल्या सिनेमाच्या वाटेला जाऊ नका. त्याला तिकीट काढावं लागतं. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक चांगला मराठी सिनेमा सकाळी साडेनऊच्या खेळाला लागला होता. आत चौघं होतो, त्यातला एक थिएटरचाच माणूस. आमच्या गटातलं कुणी आलं नाही आणि तेच बरोबर आहे. पन्नास वर्षांनी आपली नातवंडं त्याला उपेक्षित म्हणणारच आहेत, आपण कशाला मधे पडा?

आता प्रत्यक्ष पाहणं. सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे, तेव्हा मोबाइलवर दीडपट वेग लावा. बैलगाडीच्या चालीनं चाललेल्या सिनेमात बैल शंकरपटात सोडल्यासारखे पळताना बघायला मजा येते. खाली उतरल्यावर ‘आजकाल असा संथपणा कुठं राहिलाय’ म्हणायला विसरू नका.

नावं चार लागतात. कॅमेरा सुव्रत मित्र, सत्यजित रायांचे. मूळ कथा फणीश्वरनाथ रेणूंची, संवादही त्यांचेच. कुणी जास्त बोलायला लागलं तर ‘मूळ कथा वाचली का?’ एवढंच विचारा, गप्प बसतं. एक जागा निसरडी आहे. ‘दुनिया बनाने वाले’ ऐकून शैलेंद्रांच्या नावानं उसासा सोडू नका. ते हसरत जयपुरींचं आहे. मी एकदा भर सत्यनारायणाच्या जेवणात असा उसासा सोडला होता, तो परत घेता आला नाही.

खरी हळहळ राखून ठेवायची ती हिराबाईसाठी. जत्रेत नाचणारी बाई, जमीनदाराला ती विकतची वाटते, एका गाडीवानाला तेवढी देवीसारखी. इथं बोलायला फार वाव आहे. कलावंत स्त्री, समाजाची नजर, सगळं घ्या. फक्त बोलताना माळेगावच्या जत्रेचा विषय निघू देऊ नका. आमच्या गटातले एक गृहस्थ हिराबाईवर अर्धा तास बोलतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तेच गृहस्थ खंडोबाचं दर्शन झाल्यावर तमाशाच्या कनातीत शेवटच्या रांगेत बसतात, मफलर नाकापर्यंत. मी तिथं कसा होतो, हा प्रश्न गैरलागू आहे. परत येताना एस.टी.त त्यांच्या शेजारी फडातली एक बाई येऊन बसली. हातात कापडी पिशवी, पायांना घुंगरांचे वळ, बसल्या बसल्या डोळा लागला बिचारीचा. गृहस्थ उठले आणि अहमदपूरपर्यंत दांडा धरून उभे राहिले. हिरामण तिसरी शपथ घेतो ती शेवटाला, नौटंकीतली बाई पुन्हा गाडीत बसवणार नाही म्हणून, आणि ती घेताना त्याचं काळीज फाटतं. आमच्या गृहस्थांना शपथ आधीपासूनच होती, फाटायचं काही कारण पडलं नाही.

शेवटची सूचना. घरात बैलगाडी हाकलेलं माणूस असेल तर हेडफोन लावून, दार ओढून घेऊन पाहा. मी हे पथ्य पाळलं नाही. पोळ्याला अहमदपूरकडच्या आमच्या गावी गेलो होतो, तिथं टीव्हीवर लावला. आमचे चुलते तात्या भिंतीला टेकून बसले. मी कृष्णधवल छायांकनावर सुरुवात करतोय तोवर चोरटा माल घेऊन जाणाऱ्या गाड्या पोलिसांनी अडवल्या आणि हिरामण बैल सोडवून पळाला.

तात्या म्हणाले, “गाडी सोडला, बैल वाचिवला. शाना हाय गडी.”

पुढं हिराबाई गाडीत बसली. मी दोघांमधल्या अंतरावर बोलणार होतो.

“बाई लई मागं बसली की रे,” तात्या म्हणाले. “गाडी उलाळ हुतीय. तिला म्हणावं जरा म्होरं सरक.”

बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी आपली जोडी विकली. कुठल्या बाजारात, किती रुपयांना, घेणारा कुण्या गावचा, हे त्यांना अजून सांगता येतं. मुलांची लग्नं कुठल्या साली झाली ते मात्र काकूंना विचारावं लागतं.

रेल्वे निघून गेली. हिरामणनं गाडी वळवली. माझा घसा दाटला होता, म्हणजे मी दाटवत आणला होता. तात्या पडद्याकडं बघतच राहिले.

“ही बैलं कुणाची रे?”

“तात्या, हा कॅमेरा ज्यांनी केलाय ना, ते सुव्रत मित्र...”

“ते असू दे. सिनेमा झाल्यावर बैलं कुठं गेली?”