ते वर्ष वाया जात नाही
‘पदवीनंतर वर्षभर सक्तीची सेवा म्हणजे उमेदीचं वर्ष वाया’, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. नायजेरियात १९७३ पासून पदवीधर हे वर्ष देतात, कितीतरी जण घरापासून लांब जाऊन शाळेत शिकवतात. आणि सक्तीला एवढं काय घाबरायचं? आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं!

माझी लेक स्वखुशीने टांझानियात वर्षभर गणित शिकवून आली. पहिला आठवडा पोरांनीच तिला तिथल्या स्वाहिली भाषेतले आकडे शिकवले: मोजा, म्बिली, टाटू, म्हणजे एक, दोन, तीन. खडू मोडून अर्धा-अर्धा वाटायचा, बेरजेला चिंचोके, अगदी आमच्या कागलच्या शाळेसारखे. आता ती राधानगरीकडे शिकवते. वर्गात गप्प बसलेलं पोर तिला सगळ्यात आधी दिसतं.