निदान पाण्याची पातळी तरी पाहू द्या!

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांचा जीव कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी टांगलेला असतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. अशा वेळी कृष्णेची पातळी पाहण्यासाठी मोबाइलमधले अ‍ॅप उघडावे, तर आकडा दिसण्याआधीच मी झटपट कर्ज देणाऱ्या भलत्याच अ‍ॅपच्या डाउनलोड पानावर जाऊन आदळतो, मागे येतो आणि पुन्हा तिथेच आदळतो. (कर्ज पुरानंतर लागेलही, पण आधी पूर तरी येऊ द्या!)

हा सगळा खेळ अफिलिएट मार्केटिंगच्या, म्हणजे लिंक देऊन दुसऱ्याचे अ‍ॅप खपवण्याच्या कमिशनचा आहे. अ‍ॅप कोणाच्या लिंकवरून घेतले गेले हे ठरवताना बहुधा शेवटच्या क्लिकला श्रेय मिळते, म्हणून प्रत्येक दलाल आपलाच क्लिक शेवटचा ठरावा यासाठी आपल्याला ढकलत राहतो. काही लबाड अ‍ॅप तर फोनमध्ये दुसरे अ‍ॅप डाउनलोड होत असल्याचे हेरून, ते सुरू होण्याच्या आत परस्पर खोटा क्लिक पाठवतात आणि न केलेल्या कामाचे पैसे खिशात घालतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यातही अडते असतात, पण तिथे निदान कोण कोणाचा अडत्या हे तरी उघड दिसते.

असे ढकलून आणलेले लोक दुसऱ्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकतात आणि जाताना एकच तारा देतात. मीही काल पातळीच्या अ‍ॅपचे तेच केले, आणि पाणी किती चढले ते शेवटी शेजारच्या काकांना विचारले.