विसर्जन ९ जूनला

मंडळाच्या वर्गणीची गूगल शीट सुरू करताय? मग सेटिंगला अजिबात हात लावू नका. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल', म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या रिवाजाने वाचायच्या ते, असतं, आणि तिथे बरेचदा युनायटेड स्टेट्स ठाण मांडून बसलेलं असतं. बसू द्या. पाहुण्याला उठवून तिथे इंडिया निवडणं गिरगावच्या रीतीत बसत नाही.

आता वेळापत्रक भरा. २०२५ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. तुम्ही ०६/०९/२०२५ टाइप केलंत, शीटने अमेरिकी रिवाजाप्रमाणे आधी महिना वाचला आणि विसर्जन ९ जूनला उरकून टाकलं. तब्बल ८९ दिवस आधी! चौपाटीवर गर्दीचा प्रश्नच मिटला. आगमनाची २७/०८/२०२५ मात्र तिला पचत नाही, कारण सत्ताविसावा महिना अमेरिकेतही नसतो. ती नुसता मजकूर होऊन पडून राहते. विसर्जनातून आगमन वजा करायला गेलात की एरर.

खरी गंमत पावत्यांत आहे. ८ जुलैची पावती ७ ऑगस्ट होऊन बसते, ५ ऑगस्टची ८ मेला जाते. ८ ऑगस्ट तेवढी सुखरूप. १३ तारखेपासून पुढचं सगळं मजकूर, त्यामुळे ऑगस्टची बेरीज सम-इफ्सने (अटीत बसणाऱ्या नोंदींचीच बेरीज करणाऱ्या सूत्राने) काढलीत तर ते पैसे त्यात येतच नाहीत आणि मंडळी खजिनदाराकडे टकमक बघू लागतात.

एक धोका आहे. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. चाणाक्ष माणूस रकान्यावर नजर टाकूनच ओळखतो. म्हणून अख्खा रकाना सेंटर अलाइन करा. दिसायलाही बरं.

निम्म्या पावत्या भरून झाल्या की मग खुशाल लोकेल इंडिया करा. शीट प्रत्येक तारीख आत दिवसांच्या क्रमांकाने साठवते, आणि हा साठवलेला आकडा बदलत नाही. ६ सप्टेंबरचा ४५९०६ हवा होता, पडलाय ४५८१७. तो आता ०९/०६/२०२५ असा अगदी साळसूद दिसेल. नव्या नोंदी बरोबर, जुन्या चूक, आणि रंगरूप एकच. ऑडिटला शुभेच्छा.

प्रत्येक मंडळात एखादा विघ्नसंतोषी असतोच. तो पहिल्याच दिवशी लोकेल बदलतो. फॉरमॅट, नंबर, कस्टम डेट अँड टाइम इथे जाऊन महिना अक्षरांत दिसेल असं करतो, म्हणजे सप्टेंबरच्या जागी जून आला की चूक जागच्या जागी पकडली जाते. वर डेटा व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे नोंद तपासणाऱ्या नियमात, 'इज व्हॅलिड डेट' लावून 'रिजेक्ट द इनपुट' निवडतो. अशाला एडिटर अ‍ॅक्सेस देऊच नका. दिलाच असेल, तर दुसऱ्या शीटमधले सेल उचलून साध्या कंट्रोल-व्हीने त्याच्या रकान्यात चिकटवा; त्याचा नियमही पुसला जाईल. कंट्रोल-शिफ्ट-व्ही तेवढं टाळा, त्याने फक्त सेलमधली नोंद उतरते आणि नियम शाबूत राहतो.